उघड्या मैदानातील भीमगीत आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे गान : शब्द, स्वर व श्रोता

१

पुणे शहरात उन्हाळा ऐन भरात येतो त्याच सुमारास एक गानपर्वही सुरू होते. ११ एप्रिल ही जोतीराव फुले ह्यांची जयंती, १४ एप्रिल ही डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांची, आणि त्यानंतर येते ती वैशाखी पौर्णिमा. ह्या दिवसांच्या आगेमागे ताडीवाला रस्ता, येरवडा, बोपोडी, दापोडी, पिंपरी अशा वस्त्यांतून सूर्यास्तानंतर मांडव उभे राहतात. पेटी, ढोलकी, बेंजो, खंजिरी व कोरस असा संच घेऊन गायक उभा राहतो, आणि मध्यरात्र जवळ येईतो गाणे चालते. ह्या कार्यक्रमाला तिकीट नसते. श्रोता हवा तेव्हा येतो, हवा तेव्हा उठून जातो, आणि गाणे आवडले तर बक्षिसीची नोट गायकाच्या हाती देऊन आपले नाव ध्वनिक्षेपकावरून ऐकतो. महाराष्ट्रातील फार मोठ्या समाजाचा गेय काव्याशी येणारा सर्वांत जिवंत संबंध हाच असावा. तथापि मराठी कवितेच्या इतिहासात ह्या गानाला मिळालेली जागा फार थोडी आहे. जी मिळाली ती बहुधा ‘सामाजिक प्रबोधनाचे साधन’ ह्या सदराखाली मिळाली. काव्य म्हणून, कला म्हणून मिळाली नाही.

दलित साहित्याच्या विवेचनात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी तुलना करण्याचा प्रघात आता जुना झाला आहे. भीमगीतांचा प्रश्न निघाला म्हणजे ‘हे मराठी ब्लूज होय’ असे एक सोयीचे विधानही कानी पडते. हे विधान सहानुभूतीने केलेले असते, पण सहानुभूतीने केलेले विधान बरोबर असतेच असे नाही. दोन्हीकडे पीडित समाज आहे, दोन्हीकडे गाणे आहे, एवढ्यावरून दोन्ही गाणी एका जातीची ठरत नाहीत. तुलना करावयाची तर ती आशयाच्या सामान्य साम्यावर न थांबता रचना, भाषा, गायनाची परिस्थिती आणि श्रोत्याचा सहभाग ह्या अंगांनी केली पाहिजे. तशी ती केली असता भीमगीताचे नाते ब्लूजपेक्षा सोल ह्या गानप्रकाराशी अधिक जवळचे आहे असे दिसून येते. शिवाय त्यातून मूल्यमापनाचा एक अवघड प्रश्नही पुढे येतो, आणि त्याचे उत्तर टाळून ह्या गीतांची समीक्षा करता येणार नाही.

२

ह्या तुलनेला इतिहासाचा आधार आहे, तो प्रथम पाहणे उचित होईल. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ ह्या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हार्लेमची वस्ती त्या विद्यापीठाच्या शेजारचीच. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस ह्यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडावयाच्या निवेदनाविषयी विचारणा केली. पुढे म. ना. वानखेडे ह्यांनी अमेरिकेतील आपल्या अध्ययनानंतर औरंगाबादच्या वाङ्मयीन वर्तुळात ह्या साहित्याची चर्चा घडवून आणली, जनार्दन वाघमारे ह्यांनी मराठी वाचकांना त्याचा परिचय करून दिला, आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ने तर अमेरिकेतील संघटनेचे नावच स्वीकारले.

ह्या सर्व देवघेवीत एक गोष्ट नजरेत भरते. ग्रंथाची तुलना ग्रंथाशी झाली, कवितेची कवितेशी आणि आत्मकथनाची आत्मकथनाशी. गाण्याची गाण्याशी मात्र क्वचितच झाली. डुबॉइस ह्यांचा १९०३ सालचा ‘कृष्णवर्णीयांचे आत्मे’ ह्या आशयाच्या शीर्षकाचा ग्रंथ ह्या दृष्टीने मार्गदर्शक ठरावा. त्याच्या प्रत्येक प्रकरणाच्या शिरोभागी एक काव्यखंड आहे आणि त्याखाली गुलामांच्या शोकगीतांतील काही स्वरांचे लेखन आहे. ते स्वर शब्दांवाचून छापलेले आहेत. ही गीते म्हणजे केवळ शब्द नव्हेत, हे वाचकाच्या मनावर ठसविण्याचा तो एक मार्ग होता. मराठीत नेमके उलट घडले. भीमगीतांचे जे संग्रह निघाले त्यांत शब्द छापले गेले, स्वर गळले. वाचकाच्या हाती आले ते गाणे नव्हे, गाण्याचे टिपण होय. आणि समीक्षकाने त्या टिपणाला कवितेच्या मापाने मोजून ते उणे ठरविले.

३

ब्लूजची रचना येथे थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. तिचा रूढ साचा बारा मात्राखंडांचा असतो. पहिली ओळ गायिली जाते, तीच पुन्हा गायिली जाते, आणि तिसरी ओळ त्या दोहोंना उत्तर देते. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार खंड येतात, पण कंठ त्यांतील अर्ध्याहून थोडा अधिक भाग व्यापतो. उरलेल्या जागेत वाद्य बोलते. बी. बी. किंग ह्यांच्या गायनात कंठ थांबला की गिटार त्याचेच वाक्य पुढे नेते, ते ह्या रचनेमुळेच. म्हणजे प्रश्न आणि उत्तर, साद आणि पडसाद, हे ब्लूजमध्ये एकाच गायकाच्या ठायी एकवटलेले असतात. शेतमजुराने एकट्याने दिलेली हाळी हे ह्या गानाचे एक मूळ मानले जाते. त्या एकटेपणाचा ठसा रचनेवर राहून गेला आहे. ब्लूजचा निवेदक बहुधा ‘मी’ असतो. त्याचे दुःख प्रेमभंगाचे, प्रवासाचे, दारिद्र्याचे असते, आणि त्या दुःखाला विनोदाची एक तिरकस धार असते. ज्या व्यवस्थेने ते दुःख निर्माण केले तिचे नाव गीतात क्वचितच येते. नाव घेणे धोक्याचे होते, म्हणून सूचकता हीच ह्या गानाची भाषा झाली.

भीमगीताचे स्वरूप ह्याहून वेगळे आहे. त्याचा निवेदक बहुधा ‘आम्ही’ असतो. त्याचा विषय एका व्यक्तीचे चरित्र आणि त्या चरित्राने घडविलेला इतिहास हा असतो: २० मार्च १९२७ चे महाडचे चवदार तळे, १९३२ चा पुणे करार, संविधानाची निर्मिती, १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा. येथे नाव घेणे टाळले जात नाही. किंबहुना नाव घेणे हेच गाण्याचे प्रयोजन असते. शत्रूचे नाव, गावाचे नाव, सालाचा आकडा, कायद्याचे कलम हे सर्व गाण्यात येऊ शकते. दुःख आहे, पण ते मागे टाकलेल्या वाटेसारखे. गाण्याचा स्थायी भाव उत्साह हा आहे. ज्या गानप्रकाराचा आरंभबिंदू जयंतीचा उत्सव आहे त्याला शोकगीताच्या वर्गात घालणे म्हणजे त्याचे ऐकणे अर्धवट सोडणे होय.

प्रश्नोत्तराची रचना भीमगीतातही आहे, पण तिची वाटणी निराळी आहे. गायकाची ओळ झीलकरी उचलतात, झीलकऱ्यांची ओळ श्रोते उचलतात. सराईत गायक यमकाचा शब्द ओठांवर आणून थांबतो आणि तो शब्द मैदानातून येतो. छापील पानावर ही जागा दिसत नाही. वाचकाला तेथे केवळ एक सोपे, आधीच ओळखता येणारे यमक दिसते आणि कवीच्या कल्पनाशक्तीविषयी त्याचे मत प्रतिकूल होते. वस्तुतः ते यमक आधीच ओळखता यावे अशीच योजना असते. जे यमक श्रोत्याला ओळखता येत नाही ते त्याला पुरे करता येणार नाही.

४

सोल ह्या गानाचा उगम १९५० नंतरच्या दशकात झाला. चर्चमधील धर्मगीतांची गायनशैली, म्हणजे तिचे आरोहावरोह, तिचा आवेश, तिची सामूहिक साद, ही लौकिक शब्दांना जोडली गेली, आणि हा नवा प्रकार सिद्ध झाला. रे चार्ल्स ह्यांनी १९५४ मध्ये एका धर्मगीताच्या धर्तीवर प्रेमगीत ध्वनिमुद्रित केले, तेव्हा अनेक धर्मनिष्ठांना तो अपवित्र संकर वाटला. अरीथा फ्रँक्लिन ह्या धर्मोपदेशकाच्या कन्या. ओटिस रेडिंग ह्यांनी १९६५ मध्ये गायिलेले आदराची मागणी करणारे गीत त्यांनी १९६७ मध्ये स्वतःच्या कंठातून म्हटले. पुरुषाने घरच्या स्त्रीकडे केलेली मागणी स्त्रीच्या मुखी गेली आणि थोड्याच दिवसांत ती एका समाजाची मागणी झाली. वाक्याचा कर्ता पालटला की वाक्याचा अर्थ किती दूर जातो ह्याचे हे बोलके उदाहरण आहे.

भक्तीचे रूप कायम ठेवून तिचा आशय पालटण्याची ही रीत पुण्याला नवी नाही. जोतीराव फुले ह्यांनी अभंगाच्या धर्तीवर ‘अखंड’ रचले. त्यांत विठ्ठलाच्या जागी निर्मिक आला, आणि शरणागतीच्या जागी विवेक व समता ही मूल्ये आली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या परंपरेत जे जलसे पुढे निघाले त्यांनी तमाशाच्या बाबतीत तेच केले. गण राहिला, पण गणेशस्तवनाला नवा अर्थ आला. शृंगार मागे पडला आणि बतावणीतील चुरचुरीत संवाद शेटजी, भटजी व सावकार ह्यांच्या दिशेने वळला. आंबेडकरी जलशांनी हीच परंपरा पुढे नेली. ह्या जलशांचे अग्रणी भीमराव कर्डक ह्यांनी ‘आंबेडकरी जलसे’ ह्या आपल्या ग्रंथात त्यांचे स्वरूप व कार्य स्वतः नोंदवून ठेवले आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर ह्यांचे १९४४ सालचे लाल बावटा कलापथक हे वेगळ्या विचारसरणीचे खरे. पण मैदान, ढोलकी आणि छक्कड ही त्याची सामग्री तीच होती.

प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) ह्यांच्या गायनात ही प्रक्रिया एकाच कंठात ऐकू येते. विठ्ठलाची गाणी त्यांनी गायिली, कव्वाली गायिली आणि भीमगीतेही गायिली. तिन्हींत आवाजाची फेक एकच, तारसप्तकात जाऊन शब्द धरून ठेवण्याची लकब एकच. पंढरीच्या वाटेवरील श्रोता आणि जयंतीच्या मैदानातील श्रोता ह्यांना जोडणारा तो आवाज होता. सोलच्या गायकाने चर्च सोडले तरी चर्चचा आवाज सोडला नाही; त्याचप्रमाणे भीमगीताच्या गायकाने देव सोडला तरी भजनाचा आवाज सोडला नाही. म्हणूनच सोलशी असलेले नाते केवळ भावनेचे नसून रचनेचे आहे, असे म्हणता येते.

५

आता भाषेकडे वळावे. उघड्या मैदानातील गायनाचा पहिला नियम ध्वनिशास्त्राचा आहे. अंतर वाढले आणि गोंगाट वाढला की व्यंजने आधी हरवतात, स्वर मागाहून. त्यातही ‘आ’सारखा विवृत स्वर दूरवर जातो, ‘इ’ व ‘उ’ हे संवृत स्वर त्या मानाने लवकर क्षीण होतात. मराठी बोलण्यात शब्दान्तीचा ‘अ’ उच्चारला जात नाही; ‘भीम’ हा शब्द व्यवहारात एकाक्षरी आहे आणि तो ओठ मिटून संपतो. मिटलेल्या ओठांवर तान धरता येत नाही. संबोधनाचे ‘भीमा’ हे रूप घेतले की शब्द विवृत स्वरावर उघडा राहतो आणि मैदानाच्या टोकापर्यंत जातो. भीमगीतात संबोधनाची रूपे इतकी वारंवार का येतात, ह्याचे एक उत्तर भावनेत आहे, दुसरे मुखाच्या रचनेत आहे. शाहिराच्या झिलीतील ‘जी जी’ आणि अमेरिकेतील शेतमजुराच्या हाळीतील लांबविलेले निरर्थक स्वर ह्यांची गरजही एकच. माणूस दूर आहे आणि त्याच्यापर्यंत पोचावयाचे आहे.

दुसरा प्रश्न बोलीचा आहे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) ह्यांचे एक गीत सर्वश्रुत आहे. त्यात मोठमोठ्या उद्योगपतींची नावे घेऊन, ह्या संपत्तीत आमचा वाटा कोठे आहे, असा रोकडा प्रश्न विचारलेला आहे. त्या गीतात ‘आहे’ ह्या प्रमाण रूपाऐवजी ‘हाय’ हे बोलीतील रूप आले आहे. ह्या रूपाला ग्रामीण रंग देण्यासाठी केलेली योजना मानणे चूक ठरेल. ‘आहे’ दोन अक्षरांचे, उतरत्या आघाताचे आणि ‘ए’वर संपणारे, ‘हाय’ एका अक्षराचे, महाप्राणाने सुरू होणारे आणि ‘आ’वर रेंगाळणारे. प्रश्न फेकून मारावयाचा असेल तर दुसरेच रूप हवे. शिवाय ‘हाय’ ह्या रूपात वेदनेचा उद्गारही अनायासे मिसळतो. प्रमाणभाषेच्या संपादकाने तेथे ‘आहे’ घातले तर व्याकरण सुधारेल आणि गाणे मरेल.

हे भय काल्पनिक नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नियम सिद्ध केले, ते लेखनापुरते उपयुक्तच ठरले. परंतु गायिलेल्या मजकुराचे लेखन करताना ते सरसकट लावले की काय होते, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘पानी’ हा उच्चार अनेक बोलींत सहज होतो, आणि कव्वालीच्या सहवासाने आलेल्या ‘जवानी’, ‘कहानी’ ह्या शब्दांशी त्याचे यमक निर्दोष जुळते. मुद्रितशोधकाने ‘पाणी’ केले की यमक मोडते. मग यमक मोडल्याचा दोष कवीच्या माथी येतो. ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ ह्यांच्या निवडीत गायक अडाणीपणाने वागत नाही. एकाच कार्यक्रमात निवेदन करताना तो ‘पाणी’ म्हणेल आणि गाताना ‘पानी’ म्हणेल. दोन्ही रूपे त्याच्या हाती असतात आणि प्रसंग पाहून तो त्यांतील एक घेतो. विल्यम लबॉव्ह ह्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीविषयी हेच दाखवून दिले. संयोजक क्रियापद गाळणे ही त्या भाषेतील ढिलाई नसून नियमबद्ध व्यवस्था आहे, हे १९६० नंतरच्या दशकातील त्यांच्या न्यूयॉर्कमधील संशोधनातून सिद्ध झाले. पुणेरी प्रमाणभाषेच्या छायेत वाढलेल्या समीक्षेने हा धडा आपल्या घरी लावून पाहण्याची गरज आहे.

भीमगीताच्या शब्दसंग्रहात आणखी एक थर आहे, तो कायद्याचा व शिक्षणाचा. घटना, कलम, हक्क, बॅरिस्टर, कोट, पेन, पुस्तक हे शब्द भक्तिगीताच्या चालीत येतात, आणि टाळ-मृदंगाच्या जागी जणू पेन आणि कोट ही पूजेची उपकरणे होतात. वामनदादा स्वतः प्रौढपणी अक्षरओळख झालेले कवी होते; लिहिता-वाचता येणे ही त्यांच्या दृष्टीने केवढी घटना असेल, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या शब्दांचे वजन कळते. ज्याला पुस्तक जन्मतः मिळाले त्याला ‘पुस्तक’ ह्या शब्दात काव्य दिसत नाही. त्यात त्या शब्दाचा काही दोष नाही.

६

येथवर भीमगीताची बाजू मांडली. परंतु समीक्षेचे काम वकिलीने संपत नाही. ज्या भक्तिरूपामुळे ह्या गानाला बळ आले त्याच रूपाने त्याच्यापुढे एक पेच उभा केला आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेतील आपल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी असा इशारा दिला होता की, धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग ठरू शकेल, पण राजकारणात भक्ती व विभूतिपूजा ही अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. ज्याने हा इशारा दिला त्याचीच आळवणी भक्तीच्या भाषेत करणाऱ्या गीताकडे कोणत्या दृष्टीने पाहावे?

सर्वनामांच्या वापरात हा पेच स्पष्ट दिसतो. रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिल्मन ह्यांनी १९६० मध्ये मध्यमपुरुषी सर्वनामांची मांडणी सत्ता आणि सख्य ह्या दोन अक्षांवर केली. मराठीत ‘तू’ हे वडीलकीने धाकट्याला म्हटले जाते, तसेच सख्याने सख्याला. आणि ह्या दोहोंहून वेगळे, भक्ताने देवालाही. जयंतीच्या व्यासपीठावरील वक्ता ‘बाबासाहेब म्हणाले’ असे आदरार्थी बहुवचन वापरतो, आणि त्याच व्यासपीठावरील गायक पुढच्याच क्षणी ‘भीमा, तू’ अशी हाक देतो. हे एकवचन विठ्ठलाच्या एकवचनाचे वारस आहे. त्यात जवळीक आहे, हक्क आहे. पण त्यात माणसाला देव करण्याची शक्यताही आहे. कमअस्सल भीमगीत ह्या शक्यतेला बळी पडते. सूर्य, सागर, हिमालय ह्या ठरीव उपमांची रास पडते, चरित्रातील प्रसंग केवळ नामावळीसारखे येतात, आणि श्रोत्याला टाळी वाजविण्यापलीकडे काही काम उरत नाही. चित्रपटगीताच्या लोकप्रिय चालीवर बेतलेल्या आणि ध्वनिफितींच्या बाजारासाठी वेगाने रचल्या गेलेल्या गीतांत हा दोष विशेष आढळतो. तो दोष आहे असे स्पष्ट म्हणणे हाच ह्या परंपरेचा खरा आदर होय. ज्याला कला मानावयाचे त्यात बरे-वाईट निवडावेच लागते.

परंतु उत्तम भीमगीत ह्या पेचातून वाट काढते, आणि ती वाट पुन्हा सर्वनामाचीच आहे. वामनदादांच्या आणखी एका प्रसिद्ध गीताचा आरंभ भीमाला उद्देशून होतो. तुझ्या विचारांची मोजकी माणसे जरी खरोखर असती तरी चित्र निराळे दिसले असते, अशा आशयाची त्याची मांडणी आहे. वरवर पाहता ही आळवणी आहे. देवापुढे भक्ताने मांडलेले गाऱ्हाणे. पण ज्याच्याकडे गाऱ्हाणे नेले तो ऐकण्यास नाही, आणि ज्यांच्याविषयी ते आहे ते मात्र मांडवात पुढच्या रांगेत बसलेले आहेत. ‘तू’ भीमाला उद्देशून आहे, रोख ‘तुम्ही’वर आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची पुढे जी शकले झाली ती पाहिलेल्या श्रोत्याला हा रोख समजावून सांगावा लागत नाही. येथे भक्तीचे रूप विभूतिपूजेसाठी वापरलेले नसून आत्मपरीक्षणासाठी वापरले आहे. देवाला सांगण्याच्या निमित्ताने माणसांना सुनावणे ही संतकवींनी सिद्ध केलेली युक्ती. वामनदादांनी ती लोकशाहीच्या कामी लावली. डॉ. आंबेडकरांच्या इशाऱ्याला गाण्याच्या माध्यमातून देता येणारे ह्याहून प्रामाणिक उत्तर सुचणे कठीण आहे.

तेव्हा मूल्यमापनाचा एक निकष येथे हाती लागतो. भीमगीत श्रोत्याला कोठे उभे करते? केवळ नमस्काराच्या रांगेत, की प्रश्नाच्या समोर? अरीथा फ्रँक्लिन ह्यांच्या गीतातील आदराची मागणी ज्याप्रमाणे ऐकणाऱ्याला तटस्थ राहू देत नाही, त्याचप्रमाणे ‘वाटा कोठे’ हा प्रश्न आणि ‘विचारांची माणसे कोठे’ हा प्रश्न श्रोत्याला सोडत नाहीत. ह्या निकषाने पाहिले असता शब्दांची साधेपणा, यमकाची सुलभता, बोलीतील रूपे ही सर्व गुणांच्या बाजूला येतात; आणि ठरीव उपमा, निर्जीव नामावळी व आयत्या चालीमागे फरफटणारे शब्द हे दोषांच्या बाजूला राहतात.

७

अखेरचा प्रश्न जतनाचा आहे. १९६९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये हार्लेम येथील माउंट मॉरिस उद्यानात सहा रविवारी विनामूल्य खुले कार्यक्रम झाले. बी. बी. किंग, नीना सिमोन, महालिया जॅक्सन, स्टीव्ही वंडर अशा ब्लूज, सोल व धर्मगीतांच्या गायकांना ऐकण्यास सुमारे ३,००,००० श्रोते लोटले. त्याचे चित्रीकरणही झाले. मात्र त्या फितींना ग्राहक मिळाला नाही आणि जवळजवळ पन्नास वर्षे त्या पडून राहिल्या. २०२१ मध्ये त्यांवर आधारलेला अनुबोधपट आला तेव्हा कोठे जगाला त्या रविवारांची ओळख पटली. त्याच उन्हाळ्यात त्याच देशात झालेल्या वुडस्टॉकच्या महोत्सवाचे नाव मात्र पुढच्याच वर्षी चित्रपटाच्या रूपाने सर्वत्र गेले होते. गाणे कमी पडले नव्हते; ऐकण्याची तयारी कमी पडली होती. त्याच वर्षी, १८ जुलै १९६९ रोजी, मुंबईत अण्णाभाऊ साठे ह्यांचे निधन झाले. त्यांच्या कथा-कादंबऱ्या ग्रंथरूपाने उरल्या. मैदानातील त्यांच्या आवाजाविषयी मात्र आज बहुतांशी इतरांच्या आठवणींवर विसंबावे लागते. विठ्ठल उमप ह्यांना तर नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रम चालू असतानाच, मृत्यू आला. मैदानातच संपलेले हे आयुष्य ह्या परंपरेचे प्रतीक मानता येईल, पण प्रतीक मानून थांबणे अभ्यासकाला शोभणार नाही.

जतन कसे करावे ह्याचा नमुना पुण्यातच उपलब्ध आहे. हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ ह्यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह झाला त्यात १,००,००० हून अधिक ओव्या आहेत. दलित स्त्रियांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही त्यांत आहेत, आणि पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रणासह उपलब्ध आहेत. घराच्या कोपऱ्यात, पहाटेच्या अंधारात एकट्या बाईने म्हटलेली ओवी नोंदली गेली. मैदानात हजारांच्या साक्षीने गायिलेले गीत मात्र शास्त्रीय नोंदीविना विरून जाते, हा विरोधाभास चमत्कारिक आहे. कडूबाई खरात ह्यांच्यासारख्या एकतारीवर गाणाऱ्या गायिकेचा आवाज आज भ्रमणध्वनीवरून घरोघर पोचतो. त्यामुळे नोंद झाली असे वाटण्याचा संभव आहे. पण यंत्रात साठविलेला आवाज आणि अभ्यासासाठी केलेली नोंद ह्या दोन भिन्न गोष्टी होत.

अशा नोंदीत काय असावे, हे वरील विवेचनातून आपोआप निष्पन्न होते. केवळ शब्द पुरणार नाहीत. कोणती ओळ किती वेळा घेतली, यमकाचा शब्द गायकाने म्हटला की श्रोत्यांनी, बक्षिसीची नावे कोठे वाचली गेली आणि त्यानंतर गायकाने गाण्यात पुन्हा प्रवेश कोणत्या शब्दावर केला, निवेदनात कोणते रूप आले आणि गाण्यात कोणते, ‘तू’चा ‘तुम्ही’ कोठे झाला: हे सर्व नोंदले गेले पाहिजे. उच्चार जसा ऐकला तसा लिहिला पाहिजे; शुद्धलेखनाचे नियम तेथे दाराबाहेर ठेवले पाहिजेत. मराठी, भाषाशास्त्र आणि संगीत ह्या तीन विषयांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन करावयाचे हे काम आहे, आणि त्यासाठी दूरच्या प्रवासाची गरज नाही. विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापासून बोपोडीचे मैदान फार लांब नाही. एप्रिल दरवर्षी येतो. गाणारे मात्र दरवर्षी तेच राहत नाहीत.